परवडणाऱ्या लशीचा इतिहास : शांता बायोटेक्निक्स (१९९३ ते २०२३)

प्रस्तावना

भारतातील लसनिर्मितीचा प्रारंभ सार्वजनिक संस्थांतून झाला. वाल्डेमार हाफकिन यांनी १८९७ मध्ये मुंबईत प्लेगची लस तयार केली. पुढे कसौली व कुन्नूर येथील संस्थांनी ही परंपरा चालविली. १९६६ मध्ये पुण्यात सीरम इन्स्टिट्यूट स्थापन झाली व खासगी उद्योगाचे या क्षेत्रातील स्थान क्रमाने बळकट होत गेले. तथापि जनुकीय तंत्रज्ञानावर आधारित पहिली भारतीय लस तयार झाली ती हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्समध्ये. या यशाचे श्रेय बहुधा संस्थापकाच्या जिद्दीला दिले जाते. ते अयोग्य नाही. परंतु लशीची किंमत कोणत्या परिस्थितीमुळे उतरली आणि ती लस उपलब्ध ठेवण्याचा निर्णय पुढे कोणाच्या हाती गेला, या दोन प्रश्नांचा विचार त्यामुळे मागे पडतो.

पार्श्वभूमी

हिपॅटायटिस-बी या विषाणूच्या दीर्घकालीन संसर्गातून यकृताचा सिऱ्होसिस व कर्करोग उद्भवू शकतो. या रोगावरील रक्तद्रवापासून बनविलेल्या लशीला अमेरिकेत १९८१ मध्ये, तर यीस्टच्या साहाय्याने बनविलेल्या लशीला १९८६ मध्ये मान्यता मिळाली. मात्र नव्या लशीवर मोजक्या बहुराष्ट्रीय कंपन्यांची मक्तेदारी होती. एका मात्रेची किंमत २३ डॉलरपर्यंत जात असे आणि मात्रा तीन घ्याव्या लागत. बहुसंख्य भारतीय कुटुंबांना हा खर्च पेलणारा नव्हता.

किंमत उतरण्याची कारणे

इलेक्ट्रॉनिक्सचे अभियंते के. आय. वरप्रसाद रेड्डी यांनी १९९३ मध्ये कंपनी स्थापन केली व तिला आईचे नाव दिले. परदेशातून तंत्रज्ञान मिळविण्याचे प्रयत्न निष्फळ ठरल्यावर ते देशातच विकसित करण्याचे ठरले. येथे तीन बाबी साहाय्यभूत ठरल्या. पहिली बाब कायद्याची होय. १९७० च्या पेटंट कायद्यानुसार औषधाच्या उत्पादनावर नव्हे, तर केवळ प्रक्रियेवर पेटंट मिळत असे. त्यामुळे वेगळ्या प्रक्रियेने तीच लस बनविणे वैध होते. परदेशी कंपन्या नेहमीचे बेकरी यीस्ट वापरीत असताना शांताने पिकिया पास्टोरिस हे मिथेनॉलवर वाढणारे यीस्ट निवडले. दुसरी बाब सार्वजनिक संशोधनसंस्थांची. प्रारंभीचे काम उस्मानिया विद्यापीठात व नंतर हैदराबादच्या पेशीय व रेण्वीय जीवशास्त्र केंद्रात झाले. तिसरी बाब भांडवलाची. ओमानचे तत्कालीन परराष्ट्रव्यवहार मंत्री युसुफ बिन अलावी यांची गुंतवणूक आणि केंद्र शासनाच्या तंत्रज्ञान विकास मंडळाचे कर्ज यांचा आधार कंपनीला मिळाला.

ऑगस्ट १९९७ मध्ये ‘शानव्हॅक-बी’ बाजारात आली. इतर भारतीय उत्पादकही लवकरच या क्षेत्रात उतरले आणि मात्रेची किंमत एका डॉलरच्या खाली गेली.

किंमत आणि पोहोच

किंमत घटली, तरी लस प्रत्येक बालकापर्यंत तत्काळ पोहोचली नाही. जागतिक आरोग्य संघटनेने राष्ट्रीय लसीकरणात हिपॅटायटिस-बी लशीचा समावेश करण्याची शिफारस १९९२ मध्येच केली होती. भारतात मात्र २००२-०३ मध्ये निवडक जिल्हे व शहरे, २००७-०८ मध्ये दहा राज्ये आणि २०११ मध्ये संपूर्ण देश, अशा टप्प्यांनी ती सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात आली. दरम्यान २००२ मध्ये शानव्हॅक-बीला जागतिक आरोग्य संघटनेची पूर्वपात्रता मिळाली व युनिसेफमार्फत ती अन्य देशांत गेली. २००९ मध्ये कंपनीने १२ कोटींहून अधिक मात्रा विकल्या. म्हणजेच अल्प किंमत ही आवश्यक अट होती, पुरेशी नव्हती. शासकीय खरेदी व वितरणाची जोड मिळाल्यावरच तिचा सामाजिक लाभ पूर्णत्वास गेला.

मालकीचे स्थित्यंतर

२००६ च्या अखेरीस फ्रान्सच्या मेरिए समूहाने कंपनीत बहुसंख्य हिस्सा घेतला. २००९ मध्ये सनोफीने ती ७८.४ कोटी डॉलरच्या मूल्यांकनाने संपादन केली. या स्थित्यंतराचा परिणाम ‘शानकोल’ या तोंडावाटे द्यावयाच्या कॉलराच्या लशीबाबत दिसून आला. सेऊल येथील आंतरराष्ट्रीय लस संस्थेच्या सहकार्याने तयार झालेल्या या लशीला २००९ मध्ये भारतात परवाना व २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेची पूर्वपात्रता मिळाली. श्रीमंत देशांत तिला फारशी मागणी नव्हती. सनोफीने तिचे उत्पादन बंद करण्याचे २०२० मध्ये जाहीर केले आणि २०२३ अखेर पुरवठा थांबविला. याच काळात कॉलराच्या साथी वाढल्या होत्या. लशीच्या तुटवड्यामुळे ऑक्टोबर २०२२ मध्ये साथीच्या ठिकाणी दोनऐवजी एकच मात्रा देण्याचा निर्णय आंतरराष्ट्रीय पातळीवर घ्यावा लागला होता. शानकोल थांबल्यावर जागतिक साठ्याचा भार काही काळ दक्षिण कोरियातील एकाच उत्पादकावर आला.

समारोप

शांता बायोटेक्निक्सच्या इतिहासातून असे दिसते की, लशीची अल्प किंमत ही कायदा, सार्वजनिक संशोधन, संयमी भांडवल व शासकीय खरेदी यांची संयुक्त निष्पत्ती होती. यांपैकी पेटंट कायद्यातील तरतूद २००५ पासून बदलली आहे. कंपनीच्या उभारणीत सार्वजनिक संस्थांचा वाटा होता. विक्रीनंतर कोणती लस बनवावी व कोणती थांबवावी, या निर्णयात मात्र त्यांना स्थान उरले नाही. म्हणून सार्वजनिक साहाय्याने सिद्ध झालेल्या लशींच्या दीर्घकालीन पुरवठ्याची अट साहाय्य देतानाच घालावी काय, हा प्रश्न धोरणकर्त्यांनी विचारात घेणे आवश्यक ठरते.