सालईचा डिंक आणि दुखण्यावरची गोळी

मंडळी, जामनेरहून पहूरमार्गे अजिंठ्याच्या डोंगराकडे तुम्ही उन्हाळ्याच्या तोंडी कधी गेला असाल, तर उतारावरची काही झाडे तुमच्या नजरेस पडली असतील. अंगावर एक पान नाही, साल राखी-हिरवट, आणि त्या सालीचे कागदासारखे पापुद्रे सुटलेले. खोडाला कुठे खाच पडली असेल, तर तिथून सोनेरी चिकट डिंक ओघळलेला दिसतो. ही सालई. तापीपलीकडे सातपुड्यातही, यावल-रावेरच्या अंगाला, ती उभी आहे. गुराख्याला ती ओळखीची, डिंक गोळा करणाऱ्या पावरा, भिल्ल, तडवी मंडळींना तर घरचीच. आज या झाडाची हकीकत सांगायची आहे. तिच्याबरोबर दुसरीही एक सांगणार आहे, दुखण्यावरच्या गोळीची. दोन्ही हकीकती निरनिराळ्या वाटतील. पण शेवटी त्या एकाच जागी येऊन मिळतात.

आधी दुखण्याविषयी दोन शब्द. कापसाची वेचणी सरली की आपल्याकडे घरोघर कुणी ना कुणी गुडघा धरून बसलेले असते. आजी उठताना भिंतीचा आधार घेते. बाबा पारावरून उतरताना क्षणभर थांबतात. विचारले तर म्हणतात, “वय झालं, चालायचंच!” पण हे दुखणे म्हाताऱ्यांचेच आहे असे नाही. पुणे जिल्ह्यातील भिगवण गावी १९९६ साली डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघर जाऊन पाहणी सुरू केली. तेव्हा असे दिसले की १०० प्रौढ माणसांपैकी सुमारे १८ जणांना सांध्यांचे किंवा स्नायूंचे दुखणे आहे. म्हणजे पाच-सहा माणसांत एक. शेतावर राबणाऱ्या गावात हा आकडा लहान नव्हे.

यावर आपण काय करतो? रुईच्या पानाला एरंडेल लावून शेकतो. निर्गुडीचा पाला उकळून वाफ घेतो. आणि त्यानेही भागले नाही, तर दुकानातून गोळी आणतो. एक घेतली, बरे वाटले. दुसऱ्या दिवशी पुन्हा एक. असे करता करता वर्ष उलटते. आता ही गोळी आली कुठून ते बघू.

१७६३ साली इंग्लंडमधील एडवर्ड स्टोन नावाच्या पाद्र्याने लंडनच्या रॉयल सोसायटीला एक पत्र धाडले. ‘विलो’ नावाच्या झाडाची साल त्याने चाखून पाहिली होती. ती फार कडू लागली, आणि हिवतापावरच्या सिंकोना सालीची त्याला आठवण झाली. आपल्याकडे ओढ्याकाठी वाळुंज होते ना, त्याच कुळातले हे झाड. स्टोनने साल गोळा केली, भट्टीवर तीन महिने वाळवली, तिची पूड केली आणि तापाच्या रोग्यांना देऊ लागला. आधी अगदी थोडी, मग बेताबेताने वाढवत. पाच वर्षांत सुमारे ५० रोग्यांना त्याने ती दिली. त्याच्या पत्रातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट पुढेच आहे. काही प्रकारच्या तापांत नुसत्या या सालीने पुरते काम झाले नाही, तेव्हा तिच्यात सिंकोनाची साल मिसळावी लागली, हेही त्याने लिहून ठेवले. गुण आला ते लिहिले आणि आला नाही तेही लिहिले.

पुढे १८२८ साली जर्मनीत योहान बुखनर याने त्या सालीतला कडू अंश वेगळा काढला. त्याला सॅलिसिन म्हणतात. त्याच घराण्यातले सॅलिसिलिक आम्ल दुखण्यावर चाले, पण पोटाला सोसत नसे. १८९७ साली फेलिक्स हॉफमन या रसायनशास्त्रज्ञाने बायर कंपनीत त्याचे सौम्य रूप तयार केले आणि १८९९ साली ते ‘अ‍ॅस्पिरिन’ या नावाने बाजारात आले. म्हणजे पाहा, जिला आपण ‘इंग्रजी औषध’ म्हणतो, त्या गोळीचा आजा एक झाडच होता!

ही गोळी शरीरात काय करते, हे मात्र बरीच वर्षे उमगले नव्हते. १९७१ साली जॉन व्हेन या शास्त्रज्ञाने ते कोडे सोडवले आणि १९८२ साली त्यांना नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. गोष्ट साधी आहे. शरीराला इजा झाली की तिथे प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार होतात आणि त्यांच्यामुळे सूज, उष्णता व ठणका येतो. गोळी ही द्रव्ये तयार होऊ देत नाही, म्हणून ठणका थांबतो. पण तीच द्रव्ये पोटाच्या आतल्या अस्तराची राखण करतात आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा सांभाळतात. चोराला कोंडताना राखणदारही कोंडला गेला, त्यातली गत! म्हणून अशा जातीच्या गोळ्या महिनोन्‌महिने मनाने घेणाऱ्याच्या पोटात व्रण होतात, कधी रक्तस्राव होतो. जळगाव जिल्ह्याच्या ४५ अंशांच्या उन्हात, अंगातले पाणी आटलेले असताना अशी गोळी घेऊन राबणे मूत्रपिंडाला विशेष घातक. गोळी वाईट नव्हे. दोन-चार दिवसांच्या दुखण्यात ती उपकारकच आहे. प्रश्न आहे तो वर्षानुवर्षांच्या दुखण्याचा.

आता आपल्या सालईकडे वळू. संस्कृतात हिला शल्लकी म्हणतात. चरक आणि सुश्रुत यांच्या संहितांत तिचा उल्लेख आहे. हत्ती हिचा पाला आवडीने खातो म्हणून ‘गजभक्ष्या’ असेही तिचे एक नाव आहे. देवापुढे तिचा डिंक जाळतात. अरबस्तानात धूप देणारे जे प्रसिद्ध झाड आहे, त्याची ही सख्खी भाऊबंद. बाळंतिणीच्या लाडवात घालतात तो धावड्यासारख्या झाडाचा खाण्याचा डिंक निराळा. त्या जागी हा वापरू नये. आपले मराठी वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर यांनी मेजर बसू यांच्यासह भारतीय औषधी वनस्पतींचा जो मोठा ग्रंथ रचला, तो १९१८ साली प्रसिद्ध झाला. या देशातील औषधी झाडपाल्याची अशी शिस्तवार नोंद करण्यात एका मराठी माणसाचा हात होता, हे शाळेतल्या मुलांना जरूर सांगावे.

पण झाडाचे नाव ग्रंथात असणे वेगळे आणि झाडाची कदर होणे वेगळे. भुसावळहून खांडव्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर बऱ्हाणपूरच्या पुढे नेपानगर लागते. वर्तमानपत्राचा कागद करणारा देशातला पहिला कारखाना तिथे उभा राहिला आणि १९५६ साली पंडित नेहरूंच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. त्या कागदासाठी बांबूबरोबर सालईचे लाकूड लागे. आपल्या वाडवडिलांनी पारावर बसून जी वर्तमानपत्रे वाचली, त्यांतल्या कितीतरी कागदांत सालई होती! देशाला कागद हवा होता हे खरे. पण त्या झाडाच्या डिंकात काय दडले आहे, हे तेव्हा कुणी नीट तपासले नव्हते.

ती तपासणी पुढे झाली. १९८६ साली जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेतील सिंग आणि अटल यांनी जनावरांवर प्रयोग करून, सालईच्या डिंकाचा अर्क सूज उतरवतो, असे प्रसिद्ध केले. १९९२ साली जर्मनीतील ट्यूबिंगेनच्या शास्त्रज्ञांनी परीक्षानळीत दाखवले की या डिंकातली बॉस्वेलिक आम्ले दाहाची एक दुसरीच वाट अडवतात. गोळी जी वाट अडवते, ती ही नव्हे.

पण परीक्षानळीतले माणसात उतरेलच असे नाही. माणसांवरची एक परीक्षा झाली ती आपल्याच राज्यात, नागपुरात. तिचा वृत्तांत २००३ साली प्रसिद्ध झाला. गुडघ्याची झीज झालेले ३० रुग्ण घेतले. निम्म्यांना ८ आठवडे सालईचा अर्क दिला, निम्म्यांना तसेच दिसणारे पण गुण नसलेले औषध. मग काही दिवस थांबून अदलाबदल केली. सालई घेताना रुग्णांचे दुखणे कमी झाले, गुडघा अधिक वाकू लागला, अधिक चालता येऊ लागले. मात्र क्ष-किरणांच्या चित्रात काहीच फरक पडला नव्हता. म्हणजे ठणका हटला, पण झिजलेला सांधा पुन्हा भरून आला नाही. दोन्ही गोष्टी संशोधकांनी लिहिल्या. स्टोनची आठवण झाली ना? तीस माणसांची परीक्षा लहानच. पण ती प्रामाणिक आहे.

भिगवणची पाहणी करणारे डॉ. चोप्रा यांनीच पुढे सुंठ आणि गुळवेल यांवर आधारलेली आयुर्वेदीय औषधे गुडघ्याच्या ४४० रुग्णांवर, सहा महिने, आधुनिक गोळीच्या बरोबरीने तपासून पाहिली. २०१३ साली त्याचा अहवाल आला. दुखणे कमी करण्यात ही औषधे सेलेकॉक्सिब नावाच्या गोळीच्या तोडीस तोड ठरली. पण त्याच अहवालात हेही आहे की आयुर्वेदीय औषध घेणाऱ्या काही रुग्णांच्या रक्तात यकृतावर ताण आल्याची खूण दिसली. औषध बंद केल्यावर ती गेली. तात्पर्य काय, तर ‘झाडपाल्याचं आहे, अपाय कशाचा?’ हे म्हणणे खरे नाही. ज्यात गुण आहे, त्यात दोषही असू शकतो.

आपल्याला हे अनुभवाने ठाऊक असायला हवे. बिब्ब्याचेच घ्या. सांध्यावर बिब्बा लावून कातडीला फोड आलेली माणसे तुम्ही पाहिली असतील. आणि बाजारात फिरत्या पुड्या विकणारे असतात. ‘शंभर टक्के जडीबुटी’ म्हणून दिलेल्या पुडीत कधी कधी गुपचूप स्टिरॉइड मिसळलेले सापडते. दोन दिवसांत चमत्कार झाला, की उलट शंका घ्यावी. सालईसारखी औषधे चमत्कार करत नाहीत. गुण आलाच तर तो आठवड्यांनी येतो.

आणखी एक भेद लक्षात ठेवा. वयाने गुडघा झिजतो ते दुखणे वेगळे, आणि दोन्ही हातांची बोटे सुजतात, सकाळी तासभर आखडलेली राहतात, तो आमवात वेगळा. आमवातात पहिल्या एक-दोन वर्षांतच सांधे वाकडे होऊ लागतात. तिथे डॉक्टरांचे औषध सोडून नुसत्या डिंकावर किंवा हळदीवर विसंबणे म्हणजे हात गमावणे. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, पोटात गर्भ असेल, यकृताचे दुखणे असेल, तर कुठलेही झाडपाल्याचे औषध विचारल्याशिवाय घेऊ नये. आणि आपण काय घेतो ते डॉक्टरांपासून लपवू नये.

हळदीचे नाव निघाले म्हणून एक हकीकत सांगतो. ठेच लागली की आपली आई चिमूटभर हळद दाबत असे. १९९५ साली अमेरिकेत या गुणावर चक्क पेटंट दिले गेले! गोव्यातील माशेल गावचे सुपुत्र डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा भारताच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे प्रमुख होते. परिषदेने हरकत घेतली आणि १९९७ साली ते पेटंट रद्द झाले. ते कशाच्या बळावर? ‘आमची आजी असे करत होती’ एवढ्यावर नव्हे. जुने ग्रंथ आणि १९५३ सालचा एक भारतीय वैद्यकीय लेख, असे छापील पुरावे पुढे ठेवले, तेव्हा. लिहिलेले कामी आले.

म्हणून शिक्षकबंधूंना आणि भगिनींना माझी एक विनंती आहे. शाळेत एक वही करा. गावातल्या वैदूने, सुईणीने, जुन्या जाणत्या बाईने कोणत्या दुखण्याला कोणता पाला वापरला, ते मुलांकडून लिहून घ्या. झाडाचे गावातले नाव, कोणता भाग, किती, किती दिवस. गुण आला की नाही, काही त्रास झाला का, हेही. मुलांनी औषध देऊन पाहायचे नाही; फक्त विचारायचे आणि लिहायचे. ‘गुण आला नाही’ ही नोंद खोडू नका. तिचीही किंमत तेवढीच आहे.

आणि शेतकरी बांधवांनो, सालईला जपा. डिंकासाठी खोलवर घाव घातला, जखम भरू न देता पुन्हा पुन्हा खाचले, तर झाड खंगते. आफ्रिकेतील तिच्या भाऊबंदांवर झालेल्या अभ्यासात दिसले की फार खाचलेल्या झाडाचे बी कमी धरते आणि धरले तरी नीट रुजत नाही. म्हणजे आजच्या डिंकापायी उद्याचे झाडच नाहीसे होते. सालईची जाडसर फांदी पावसाळ्याआधी रोवली तर ती फुटू शकते. बांधावर, माळावर, शाळेच्या कुंपणाला एखादी लावून बघा.

विलायतेतल्या त्या झाडाची गोळी झाली, कारण कुणीतरी तिची साल मोजून दिली आणि जे दिसले ते खरे लिहिले. आपल्या डोंगरावरच्या सालईचे मोजमाप आता कुठे सुरू झाले आहे. ते पुरे होईपर्यंत ती डोंगरावर उभी राहिली पाहिजे.