साडेत्रेसष्ट अंशांचा उजेड

गिरगावातल्या ज्या चाळीत माझे बालपण गेले, तिच्या मागच्या खिडकीतून आजीची काठी बाहेर काढली की ती पलीकडच्या चाळीच्या भिंतीला टेके. दोन भिंतींमधला तो जेमतेम तीन फुटांचा बोळ म्हणजे घरगल्ली. मोऱ्यांचे पाणी, भाजीची देठे, मेलेले उंदीर, सगळ्यांना सद्गती तिथेच मिळे. मागच्या खोलीत भर दुपारी दिवा लावल्यावाचून तांदूळ निवडता येत नसत. दिवाळीत पुढच्या गॅलरीत आकाशकंदील लागे; पण आजी एक पणती न चुकता मागच्या खिडकीतही ठेवी. “इथे कोण बघणार आहे?” असे मी विचारले, तर म्हणे, “पलीकडच्यांना दिसते की!”

ती घरगल्ली काय प्रकरण होते, हे मला पुढे पुष्कळ वर्षांनी कळले.

1896 च्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचा रोगी ओळखला आणि मुंबईची झोप उडाली. लाखो माणसे शहर सोडून गेली. त्यांत माझी आजीही होती. सात-आठ वर्षांची पोर, बापाबरोबर बोटीने कोकणात गेलेली. सरकारी डॉक्टरांचा समज असा, की हा रोग अंधारातून आणि कोंदट हवेतून उपजतो. म्हणून 1898 साली खास कायदा करून इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्ती पाडावी, रुंद रस्ते काढावेत, शहराला मोकळा श्वास मिळावा, हे त्याचे काम. समुद्रावरचा वारा वस्तीत खेळावा म्हणून प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड हे पूर्व-पश्चिम रस्ते ह्याच ट्रस्टने काढले.

गंमत अशी, की त्याच 1898 साली कराचीत सिमाँ नावाच्या फ्रेंच डॉक्टराने प्लेग पसरवणारी खरी गुन्हेगार शोधली. ती अंधार नव्हती, उंदरावरची पिसू होती! म्हणजे उजेडाचा सारा खटाटोप उभा राहिला तो अर्ध्या चुकीच्या समजुतीवर. पण क्षयाच्या जंतूला अंधारी, कोंदट खोली मानवते, हे तर खरेच होते. चुकीच्या वाटेने निघालेला माणूस कधी कधी योग्य गावी पोहोचतो, तसे हे झाले.

घर मागे सरकवण्याचा नियम मुंबईला अगदीच नवा नव्हता. 1888 च्या महापालिका कायद्यात रस्त्याची नियमित रेषा ठरवण्याचा अधिकार होताच. जुने घर पाडून नवे बांधायचे, तर ह्या रेषेमागे बांधा आणि पुढची जागा भरपाई घेऊन रस्त्याला द्या. ह्यालाच आपण आज ‘सेटबॅक’ म्हणतो. पण ह्याने रस्ता रुंद होई. मागची घरगल्ली होती तशीच राही.

ट्रस्टने मोजपट्टीच बदलली. खोलीच्या बाहेरच्या भिंतीच्या पायथ्यापासून जमिनीशी साडेत्रेसष्ट अंशांचा कोन करून एक रेषा वर न्यावी. समोरची इमारत त्या रेषेच्या आड येता कामा नये. हिशेब केला तर समोरचे घर जितके उंच, त्याच्या निम्मी जागा मध्ये मोकळी हवी. साठ फुटांच्या उंचीला तीस फूट. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी 1912 साली घरांतील उजेड आणि हवा ह्या विषयावर मुंबईत व्याख्यानही दिले. नियमातली खरी खुबी अशी, की माझ्या घराची उंची माझ्या मर्जीवरून ठरत नव्हती, शेजाऱ्याच्या खोलीत उभे राहून ठरत होती. आजीची पणतीच ती, भूमितीत मांडलेली!

ह्या उजेडाची किंमत मात्र सर्वांनी सारखी दिली नाही. नागपाड्यासारख्या वस्तीतून ज्यांची घरे पाडली, त्यांतले कितीतरी गरीब लोक शेजारच्याच चाळींत दाटीने शिरले आणि तिथला काळोख वाढला. ट्रस्टने कामगारांसाठी चाळीही बांधल्या. परळच्या अशाच एका चाळीत डॉ. आंबेडकर कित्येक वर्षे राहिले. पण पाडलेल्या घरांच्या मानाने बांधलेली अपुरीच. ऐसपैस मोकळी जागा आली ती दादर-माटुंग्याच्या नव्या वसाहतींत, मध्यमवर्गाच्या वाट्याला. हिंदू कॉलनीत आत्याकडे गेलो, की दोन घरांमधल्या अंगणात लगोरी खेळता येते ह्याचेच मला नवल वाटे.

1933 साली ट्रस्ट महापालिकेत विलीन झाला. 1960 नंतरच्या दशकात चटईक्षेत्राचा निर्देशांक आला, आणि उजेडाच्या कोनापेक्षा बांधकामाच्या चौरस फुटांची चर्चा घरोघरी सुरू झाली. 2018 पासून लागू झालेल्या नियमावलीतही मोकळ्या जागेची मापे आहेत. पण पुनर्विकासात ती कमी पडली, तर अधिमूल्य भरून सवलत मिळू शकते. उजेडाची तूट पैशाने भरून काढायची सोय!

हे सारे आता आठवायचे कारण, मी नंतर ज्या दादरच्या इमारतीत राहायला आलो, तीही पाडायची आहे. सभेत नकाशा मांडला होता. शेजारच्या वहिनींना जिने चढवत नाहीत, माझेही गुडघे बोलतात. लिफ्ट कोणाला नको? मी एवढेच विचारले, “मागच्या इमारतीचा तळमजला अंधारात जाईल का?” थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग एक तरुण सभासद म्हणाला, “काका, तो आपला प्रश्न नाही.”

मी म्हटले, “नियम झाला होता तो नेमका ह्याच प्रश्नासाठी.”

मोकळी जागा वाढवून सुधारलेला नकाशा आणायचे ठरले आहे. तो आल्यावरच मी सही करीन. तोवर ह्या दिवाळीत एक पणती मागच्या खिडकीत ठेवली आहे.