टपालाने आलेली ठिगळे

इतिहास म्हटला की राजे, लढाया आणि तह एवढेच आमच्या डोळ्यांपुढे उभे राहते. पण हजारो माणसे एकमेकांचे तोंडही न पाहता एकच वस्तू कशी घडवितात, हाही इतिहासाचाच प्रश्न होय. लिनक्स ह्या संगणकप्रणालीची कथा त्याचे एक उत्तर देते.

१९९१ साली हेलसिंकी येथील लिनस टोरवाल्ड्स ह्या विद्यार्थ्याने तिचा गाभा जगापुढे ठेवला. तेव्हा तो सुमारे १०,००० ओळींचा होता. आज तो तीन कोटींच्या पुढे गेला आहे. सुधारणा सुचविण्याची रीत मात्र बव्हंशी टपालाचीच राहिली. कोणत्या ओळी गाळावयाच्या व कोणत्या घालावयाच्या, ते ई-मेलने कळवावयाचे. ह्याला 'पॅच', म्हणजे ठिगळ, म्हणतात. ते मूळ मजकुरात आपोआप बसविणारे साधन लॅरी वॉल यांनी १९८५ मध्येच तयार केले होते.

पण ठिगळ बसले तरी वस्त्र दुसरीकडे उसवले नाही ना, हे कोणी पाहावे? गाभा नाना जातींच्या यंत्रांवर चालतो. तितकी यंत्रे एकाच्या घरी असणार कोठून? म्हणून इंटेल कंपनीने चाचणीची यंत्रणा उभारली. २०१४ मध्ये 'कर्नलसीआय' हा उपक्रम सुरू झाला. इंटेलची यंत्रणा आलेले पत्र उचलते, ठिगळ बसविते, निरनिराळ्या रचनांत गाभा बांधून पाहते आणि काही बिघडल्यास धाडणाऱ्यालाच उलट पत्र लिहिते. माणसाची भीड तिला नाही, कंटाळाही नाही.

मग माणसाचे काम संपले काय? तसे नव्हे. मिनेसोटा विद्यापीठातील काही संशोधकांनी, तपासनीस फसतात काय हे पाहण्यासाठी, जाणूनबुजून सदोष ठिगळे धाडली होती. २०२१ च्या एप्रिलमध्ये गाभ्याच्या व्यवस्थापकांनी त्या विद्यापीठाची ठिगळे घेणे थांबविले, आणि संशोधकांनी आपला निबंध मागे घेतला. गाभा बांधला जातो की नाही, हे यंत्र सांगते. धाडणाऱ्याची नियत ते सांगत नाही.

२००४ पासून प्रत्येक ठिगळाखाली धाडणाऱ्याने आपले नाव घालून ते देण्याचा आपणांस अधिकार असल्याची ग्वाही द्यावी लागते. यंत्राने माणसाचे कष्ट वाचविले खरे. पण नावाखालची जबाबदारी माणसाचीच राहिली, आणि ती तशीच राहावी, असे आम्हांस वाटते.