सोवळ्याकडून साक्षीकडे : 'स्मृतिचित्रे'तील पावित्र्याचा विचार

मराठी ख्रिस्ती वाङ्मयात 'साक्ष' हा शब्द फार वजनाचा आहे. साक्षी म्हणजे ज्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले तो. ग्रीक भाषेत साक्षीदाराला जो शब्द होता, त्याच शब्दाला पुढे 'श्रद्धेपायी प्राण वेचणारा' असा अर्थ आला. म्हणजे साक्ष तोंडाने दिली जाते तशी ती आयुष्यानेही द्यावी लागते, ही जाण त्या शब्दातच मुरलेली आहे. परंतु पवित्र जीवन ही जर साक्ष असेल, तर ती ग्राह्य की अग्राह्य हे ठरवायचे कोणी? ज्याचे जीवन त्यानेच सांगितले, तर ती आत्मप्रशंसा होते आणि भक्तांनी सांगितले, तर चरित्रस्तोत्र. या पेचातून मराठीला वाट सापडली ती लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'त.

एकोणिसाव्या शतकात महाराष्ट्रातील ख्रिस्ती प्रचाराचे मुख्य साधन होते वाद. १८३१ साली मुंबईत जॉन विल्सन आणि मोरभट दांडेकर यांच्यात खंडनमंडन झाले. १८५७ मध्ये समुद्रकिनारी विष्णुबावा ब्रह्मचारी आणि मिशनरी समोरासमोर उभे राहिले. दोन्ही बाजू ग्रंथांचे दाखले देत होत्या. १८५४ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या बाबा पदमनजींनी 'अरुणोदय' या आत्मचरित्रात ग्रंथप्रामाण्याच्या या चर्चेला स्वानुभवाची जोड दिली. तेथे साक्ष देणारा आणि ज्याच्याविषयी साक्ष द्यायची तो, एकच आहे. 'स्मृतिचित्रे'त मात्र हे दोघे वेगळे होतात, आणि साक्षीदार सुरुवातीस चक्क विरुद्ध पक्षाचा आहे.

नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) हे कोकणातील करजगावचे. विवाहानंतरची त्यांची भटकंती त्यांना विदर्भात घेऊन आली. नागपूरला आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने त्यांनी संस्कृत ग्रंथांचे काम केले, 'ऋषि' हे मासिक चालविले. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांना नवा करार वाचावयास दिला. त्यातील डोंगरावरील प्रवचनाने त्यांच्या मनाची पकड घेतली. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मराठी ख्रिस्ती काव्याचा एक मोठा प्रवाह अशा रीतीने आपल्या पूर्व विदर्भाच्या वाटेवर उगम पावला, ही गोष्ट इकडच्या अभ्यासकांनी विसरू नये.

लक्ष्मीबाईंवर मात्र या वार्तेने आकाश कोसळले. त्यांचे दुःख समजून घ्यायचे तर पुस्तकाच्या आरंभीचे त्यांच्या वडिलांचे चित्र पाहावे लागते. नाना गोखल्यांचे सोवळे अचाट होते. धान्यच काय, मीठ आणि साखरही धुतल्याखेरीज घरात चालत नसे. मीठ धुतले की त्याचे काय होते हे वाचकाला माहीत असते, आणि तो हसतो. पण त्या हसण्यात लेखिकेने मोठा प्रश्न लपविला आहे. पावित्र्य म्हणजे केवळ टाळणे असेल, तर टाळण्याला अंत कोठे? अखेर मीठ विरघळून जाते आणि पावित्र्याची चिंता तेवढी उरते.

ही कल्पना एखाद्याच घराची वा जातीची नव्हे. जिवतीसारख्या डोंगरी तालुक्यात गोंड, कोलाम, बंजारा आणि मराठवाड्यातून येऊन वसलेली कुटुंबे शेजारी नांदतात. तेथील विद्यार्थ्याला 'सोवळे' या शब्दाचा अर्थ सांगावा लागेल, 'विटाळ' या शब्दाचा नाही. गडचिरोलीच्या माडिया गावांतील कुरमाघर आपल्याला परके नाही. दूर ठेवण्यातून शुद्धी राखायची, ही समजूत निरनिराळ्या समाजांत निरनिराळ्या रूपांनी नांदते. शुभवर्तमानातही न धुतल्या हातांनी जेवण्यावरून वाद आहेच. बाहेरून आत जाणाऱ्या गोष्टीने माणूस विटाळत नाही, अंतःकरणातून बाहेर पडणाऱ्या गोष्टींनी विटाळतो, असा तेथील निवाडा आहे. नानांच्या घरातून आलेल्या मुलीला पतीच्या नव्या धर्माने नेमका हाच निवाडा ऐकविला.

तिने तो लगेच मानला नाही. सुमारे साडेचार वर्षे पतिपत्नी विभक्त राहिली. पुढे एकत्र आल्यावरही लक्ष्मीबाईंनी आपले सोवळे आणि स्वयंपाक निराळा ठेवला. टिळकांनी त्यांच्यावर धर्माची सक्ती केली नाही. मग एकदा विचार करता करता जातिभेद देवाने नव्हे, माणसाने केला असे त्यांच्या मनाने घेतले आणि त्यांनी कोणाच्याही हातचे खाण्यापिण्यास आरंभ केला. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली. हा क्रम महत्त्वाचा आहे. आधी आचार पालटला, मग धर्माचे नाव. पुढे नगरच्या प्लेगमध्ये ज्यांना शिवायला लोक भीत होते, त्यांची सेवा या बाईंनी केली. नानांच्या लेकीच्या दृष्टीने पाहिले तर पावित्र्याची दिशाच येथे उलटी झाली : दूर राहण्यात होते ते जवळ जाण्यात आले.

आणि टिळक? लक्ष्मीबाईंनी त्यांना संत करून सोडलेले नाही. त्यांचा शीघ्रकोप, न सांगता घर सोडून जाणे, हातचा पैसा कोणालाही देऊन टाकणे आणि त्यामुळे संसाराची होणारी ओढाताण हे सारे त्या मिस्कीलपणे पण न लपविता सांगतात. धार्मिक चरित्रकाराने यातले पुष्कळसे गाळले असते. पण हे गाळले असते तर टिळकांचे औदार्य, अनाथ मुलांना घरात आणणे, १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून साताऱ्यास बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांना सारखाच प्रवेश असणारा 'देवाचा दरबार' मांडणे, यांवर आपला विश्वास बसला असता काय? ज्या साक्षीदाराने आरोपही मोजून सांगितले, त्याच्या तोंडची स्तुती खरी वाटते. निर्दोष जीवन आणि पवित्र जीवन या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे 'स्मृतिचित्रे' एकही सिद्धान्त न मांडता पटवून देते.

१९३४ ते १९३७ या काळात चार भागांत प्रसिद्ध झालेले हे पुस्तक आपण बहुधा विनोदी, घरगुती आत्मचरित्र म्हणून शिकवितो. पाठ्यपुस्तकातील उताऱ्यांनी ही समजूत दृढ केली आहे. त्यातील विनोद खराच, पण धर्मांतर म्हणजे केवळ प्रलोभन वा सक्ती, असे ढोबळ बोलले जाण्याच्या काळात या पुस्तकाचे दुसरे मोल ध्यानात घेणे अगत्याचे आहे. येथे एक बाई पतीच्या श्रद्धेला विरोध करते, दीर्घकाळ जवळून पारखते, आणि स्वतःच्या बुद्धीने निर्णय घेते. टिळकांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' त्यांच्या मृत्यूनंतर याच बाईंनी पुढे नेले. वादसभेत जो पक्ष कोणाला जिंकता आला नव्हता, त्याचा निकाल एका घराच्या चुलीपाशी लागला, आणि तो देणारीने उलटतपासणीत काही राखून ठेवले नव्हते.