थंडी कुंडीत मावत नाही

शोळिंगनल्लूरच्या उंच इमारतींत तुळस, कढीपत्ता आणि जास्वंद बाल्कनीतही सुखाने नांदतात. त्यांच्या शेजारी जपानी मेपलची एक कुंडी असावी, असे फोटोतली ती लालभडक पाने पाहून कोणालाही वाटेल. रोप मागवता येते, कुंडी आणि माती विकत मिळते. तरीही झाड इथे तग धरत नाही. याचे कारण त्या झाडाच्या इतिहासात आहे, आणि थोडे चेन्नईच्याही.

जपानीत या झाडाला ‘काएदे’ म्हणतात. तो शब्द बेडकाच्या हातावरून आला. पान पाहिले की ते पटते. एदो काळात इतो घराण्यातल्या रोपवाटिकावाल्यांनी त्याच्या कितीतरी जाती नावानिशी नोंदवल्या. १७७५ मध्ये स्वीडनचा कार्ल पीटर थुनबर्ग डच कंपनीचा डॉक्टर म्हणून नागासाकीच्या देजिमा बेटावर उतरला. बाहेर फिरायला त्याला फारशी मुभा नव्हती. तरी त्याने वनस्पती जमवल्या आणि १७८४ साली ‘फ्लोरा जापोनिका’ या ग्रंथात या झाडाला ‘एसर पाल्माटम’ हे नाव दिले. बेडकाच्या हाताच्या जागी माणसाचा तळहात आला. १८२० च्या सुमारास झाड इंग्लंडला पोचले आणि रुजले, कारण तिथेही हिवाळा होता.

या झाडाचे सगळे गणित हिवाळ्यावर बसवलेले आहे. दिवस लहान आणि रात्री गार झाल्या की पानांतले हरितद्रव्य ओसरते, लाल रंग चढतो, पाने गळतात आणि झाड झोपी जाते. पुन्हा नीट फुटायचे तर कळ्यांना काही आठवडे सुमारे ७ अंशांखालची थंडी लागते. चेन्नईत डिसेंबर-जानेवारीच्या रात्रीही पारा सहसा २० अंशांच्या आसपास असतो. त्यामुळे झाडाला झोप मिळत नाही आणि साठवलेले अन्न संपत जाते. त्यात मे महिन्यातला उष्ण वारा पानांच्या कडा करपवतो. किनाऱ्यालगतच्या या पट्ट्यात बोअरचे पाणी अनेक ठिकाणी मचूळ असते, तेही मुळांना सोसत नाही. सकाळचेच ऊन, पावसाचे साठवलेले पाणी आणि पाणी न तुंबणारी माती दिली तर झाड काही काळ जगते. काही हौशी माणसे पाने काढून कुंडी दोन महिने फ्रिजमध्येही ठेवतात. पण असा हिवाळा दरवर्षी द्यावा लागतो.

परदेशी लाल रंगाची हौस या शहराला नवी नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासचे डॉक्टर जेम्स अँडरसन यांनी सैदापेटला निवडुंगाची बाग केली. निवडुंगावर मेक्सिकोतले कोचिनील किडे पोसायचे, त्यांच्यापासून किरमिजी रंग काढायचा आणि स्पेनची मक्तेदारी मोडायची, असा बेत होता. १७९५ साली ब्राझीलहून कलकत्त्याला किडे आले, तिथून ते मद्रासला पोचले. पण ते हलक्या, रानटी जातीचे निघाले. रंग निकृष्ट निघाला आणि उद्योग बसला. निवडुंग मात्र इथल्या उन्हात मजेत वाढला.

पुढच्या पिढीने निराळा मार्ग धरला. १८४८ साली सुमारे २,२४० मीटर उंचीवर उटीची सरकारी बाग सुरू झाली. १८६० च्या सुमारास सिंकोना लावायचा ठरला, तेव्हा तो मद्रासच्या मैदानात न लावता निलगिरीवर चढवला. थंडी खाली आणता येत नव्हती, म्हणून झाडच वर नेले. मेपलची खरोखर हौस असेल, तर आजही हाच शहाणपणा कामाचा आहे.

आणि खाली राहायचे असेल, तर लाल पान इथेही आहे. देशी बदाम, ज्याला तमिळमध्ये ‘नाट्टु वादुमै’ म्हणतात, थंडीच्या अखेरीस झडण्याआधी तांबडालाल होतो. त्याला हिवाळ्याची वाट पाहावी लागत नाही, मचूळ पाणी आणि खारा वाराही तो सोसतो. पण त्याच्या पानांचा ‘कचरा’ होतो म्हणून सोसायट्यांच्या आवारात कुऱ्हाड आधी त्याच्यावर पडते. मेपलच्या एका लाल पानासाठी फ्रिज रिकामा करणाऱ्यांनी हा कचरा एकदा झाडण्याआधी निरखून पाहावा.