असील कोंबडा



कोंबडा हा काय व्याख्यानाचा विषय आहे, अशी शंका आपणांपैकी काहींना आली असेल. वात्स्यायनाला ती आली नव्हती. त्याच्या चौसष्ट कलांत मेंढे, कोंबडे व लावे झुंजविण्याची कला आहे. दंडीच्या ‘दशकुमारचरिता’त तर नारिकेल जातीच्या कोंबड्यापुढे दुबळा बलाका जातीचा सोडला, म्हणून वाटसरू हसतो. अर्थात कोंबड्याची जात ओळखणे हे त्या काळी जाणतेपणाचे लक्षण होते. मनूने मात्र अशा पैजांना ‘समाह्वय’ म्हणून जुगाराच्याच पंक्तीस बसविले आणि राजाने त्या बंद कराव्यात असे सांगितले.

आपल्याकडील झुंजार जात असील. हा शब्द अरबी. आपला ‘अस्सल’ त्याचाच सोयरा. मान लांब, छाती रुंद, पाय भक्कम, पिसे आखूड व अंगाशी घट्ट. तुरा अगदी लहान आणि गळ्याखालची लोळीही नावापुरतीच. प्रतिस्पर्ध्याच्या चोचीत सापडेल असे काही त्याच्या अंगावर ठेवलेलेच नाही! हे आपोआप झाले नाही. हरला तो वंशातून गेला, अशी ती क्रूर निवड होती.

अठराव्या शतकात लखनौस नवाब आसफउद्दौला आणि कर्नल मॉर्डंट यांच्या कोंबड्यांची झुंज झाली. झोफानीचे त्यावरील चित्र प्रसिद्ध आहे. पुढे इंग्लंडातील कॉर्नवॉल परगण्यात असीलचा संकर झाला. त्यातून लढवय्या निघायचा, तो निघाला आखूड पायांचा, मांसल छातीचा जड पक्षी. लढाईस कुचकामी! विसाव्या शतकात अमेरिकेत त्याच कॉर्निशपासून ब्रॉयलर घडला. आपल्या नाशिक जिल्ह्यातील शेडांत सहा आठवड्यांत विक्रीस तयार होणाऱ्या त्या पांढऱ्या पक्ष्यात असीलचे रक्त आहे, हे खाणाऱ्यास ठाऊक नसते. खुद्द असील मात्र सावकाश वाढतो.

1960 च्या कायद्याने झुंजी लावणे गुन्हा ठरला. तरी गडचिरोली-चंद्रपूरकडे चोरून कोंबडबाजार भरतो, पायाला काती बांधतात, पोलीस धाड घालतात. झुंज बंद व्हावी याविषयी माझ्या मनात संदेह नाही. अडचण वेगळीच आहे: ज्या कसोटीवर हा वाण शुद्ध राहिला ती कसोटीच गेली, तर तो कोण आणि कशासाठी राखील? इज्जतनगरच्या संशोधन संस्थेने असीलच्या संकरातून परसात पाळण्यासाठी ‘कारी निर्भीक’ तयार केली; उपयुक्त खरी, पण ती असील नव्हे.

मला आशा वाटते ती कोंबडीची. झुंजीच्या गोष्टींत तिचे नावही नसते. अंडी ती थोडी घालते, वर्षाला शंभराच्या आतच. परंतु खुडूक झाली की रवणीला नेटाने बसते, परकी अंडीही उबवते आणि पिलांवर कोणी चाल केली तर अंगावर धावून जाते. परसात कोंबड्या पाळणाऱ्या बाईला झुंजीशी काय कर्तव्य? तिला अशी कोंबडी हवीच असते.