गाडीचे कपडे

दादाच्या फरसाणाच्या व्हॅनवर छापील व्हिनाइल चढवायचं ठरलं आणि मी सवयीप्रमाणे इतिहासात शिरलो. १९२६ साली अमेरिकेत वॉल्डो सेमन यांनी पीव्हीसी लवचिक केलं, तिथून ही गोष्ट सुरू होते. १९९० च्या दशकात जर्मनीत टॅक्सीला हस्तिदंती रंग सक्तीचा. रंगाऐवजी फिल्म लावली, की विकताना सोलायची, खाली मूळ रंग शाबूत!

असो. कॅलेंडर्ड फिल्म रुळांत दाबून केलेली. तो ताण तिच्यात राहतो, मग उन्हात आक्रसते. कास्ट ओतून केलेली, पातळ, महाग, पण खाचेत नीट बसते. मागच्या वेळी स्वस्तातली घेतली, तर दुसऱ्याच उन्हाळ्यात बाबांच्या नावातलं पहिलं अक्षर दारावर लोंबत होतं. यंदा कास्टच.

वहिनी, वाचत असशील तर आकडा दादालाच विचार.